चाके काही सांगतात!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नेमणूक त्या वेळी इंदूर येथे होती. २००८ सालच्या डिसेंबर महिन्यात धुळ्याला एका मंगलकार्यासाठी आम्ही घरची सर्व मंडळी आमच्या छोट्या मोटारीने निघालो. पुढे मी आणि माझे वडील, मागे सौ. आणि दोन मुले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांची सारी हयात एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. निवृत्तीला दहा वर्षे उलटली होती, तरी घराबाहेरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ‘हिचे पुढचे बेअरिंग गेले आहे’ असे ते बसल्या जागेवरून सांगत आणि आम्ही मनातल्या मनात हसत असू.

मानपूर मागे टाकून विंध्याचा घाट उतरलो आणि निमाडच्या सपाटीवर आल्यानंतर मागील डाव्या चाकाची हवा गेली. धामनोदच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी स्टेपनी काढली. अण्णा मदतीला येऊ लागले, तेव्हा ‘तुम्ही मुलांकडे पाहा अण्णा, एवढे मला येते’ असे मी काहीशा फुशारकीनेच म्हटले. चाक बदलले, चारही नट आवळले, जॅक काढला आणि हात पुसून पुन्हा निघालो.

खलघाटचा नर्मदेवरील पूल येईपर्यंत गाडीत ‘टक्... टक्...’ असा बारीक आवाज सुरू झाला होता. मला तो ऐकू येत नव्हता असे नाही. रस्त्याचा असेल, अशी मनाची समजूत घालून मी टेपचा आवाज वाढविला. अण्णांनी हात पुढे करून टेप बंद केला.

‘‘हा आवाज कधीपासून येतो आहे?’’

‘‘झाला थोडा वेळ. रस्ता खराब आहे ना, अण्णा.’’

‘‘पुलावर रस्ता चांगला होता. तेव्हाही येतच होता. रस्ता बदलला आणि आवाज बदलला नाही, म्हणजे तो रस्त्याचा नव्हे. वेग कमी कर पाहू.’’

मी वेग कमी केला. ठोके विरळ झाले.

‘‘चाकाबरोबर फिरतो आहे. गाडी बाजूला घे. आत्ताच घे.’’

खाली उतरून पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. चारपैकी तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. चाक जॅकवर अधांतरी असताना मी ते आवळले होते. चाक जमिनीला टेकल्यावर पुन्हा घट्ट करावयाचे माझ्याकडून राहूनच गेले होते. पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरावयाचा होता आणि मागच्या आसनावर दोन मुले होती. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी बोल्ट आणि चाकाची भोके बोटाने चाचपून पाहिली, ती शाबूत असल्याची खात्री करून घेतली आणि पाना माझ्या हातात दिला. ‘‘गाडी कधी अचानक दगा देत नाही रे,’’ एवढेच ते म्हणाले. ‘‘आधी सांगते. आपण ऐकत नाही.’’

अण्णा आता नाहीत. परंतु त्या दिवसानंतर त्यांच्याकडून जे थोडेफार शिकलो आणि पुढे अनेक जाणत्या मिस्त्रींकडून ज्यात भर पडली, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. आपल्या ग्राहकांपैकी कितीतरी जणांची मोटार वाहनकर्जातून आलेली असते. हप्ता आपण वेळेवर भरतो, विम्याचे नूतनीकरण विसरत नाही. पण जी चार चाके आपल्या कुटुंबाला वाहून नेतात, त्यांचे म्हणणे ऐकावयाचे मात्र राहून जाते.

चाक मुळात मुके कसे झाले?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या बैलगाडीला लाकडी चाक असे आणि त्यावर लोखंडी धाव. ती गाडी वेशीबाहेर असतानाच घरात कळत असे. धावेचा खडखडाट हा नेहमीचाच. पण आसाची ‘करकर’ सुरू झाली, की गाडीवान खाली उतरून वंगण घालीत असे. वंगण संपले की आस झिजतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नसे.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली घेतले. पण ती कल्पना विस्मरणात गेली. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती नव्याने प्रत्यक्षात आणली. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये हवेची उशी आली आणि खडखडाट गेला. आजच्या मोटारीचे चाक सुस्थितीत असेल तर त्याची फक्त एकसुरी सळसळ ऐकू येते. म्हणूनच त्यातून निघणारा प्रत्येक नवा आवाज अर्थपूर्ण असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर इंजिनाचा आवाजही नसतो. तेथे चाकांचे बोलणे अधिकच स्पष्ट ऐकू येते.

ऐकण्याची रीत

आवाज आला की आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय बिघडले?’ हा प्रश्न शेवटी विचारावयाचा. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

पहिला प्रश्न : आवाज चाकांचा आहे की इंजिनाचा? गाडी मोकळ्या जागी उभी करून, गिअर न घालता, इंजिनाची गती वाढवून पाहावी. आवाज आला तर तो इंजिनाकडचा. उभ्या गाडीत तो येत नसेल आणि गाडी चालू लागल्यावरच येत असेल, तर संशय चाकांकडे वळवावा.

दुसरा प्रश्न : वेगाबरोबर तो बदलतो का? लहान मोटारीच्या चाकाचा परीघ साधारणपणे १.७ ते १.९ मीटर असतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे ३ वेळा फिरते; ताशी ६० किलोमीटर वेगाला सुमारे ९ वेळा. प्रत्येक फेरीला एक ठोका पडत असेल, तर २० च्या वेगाला तो मोजता येतो. ६० च्या वेगाला सारे ठोके मिसळून त्यांची घरघर होते. अण्णांनी वेग कमी करावयास सांगितला, तो यासाठीच.

तिसरा प्रश्न : रस्ता बदलल्यावर तो बदलतो का? डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर टायरचा आवाज पालटतो. बेअरिंगचा पालटत नाही.

चौथा प्रश्न : तो केव्हा वाढतो? वळणावर, ब्रेक दाबल्यावर की खड्ड्यातून जाताना? या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते.

आवाज कोणत्या बाजूचा हे कळत नसेल, तर रहदारी नसलेल्या ठिकाणी लांब भिंतीच्या कडेने, काचा खाली करून, सावकाश गाडी न्यावी. भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू ओळखू येते. जाताना एक बाजू, येताना दुसरी. चालत्या गाडीतून डोके बाहेर काढून ऐकण्याचे धाडस मात्र कोणीही करू नये.

टायरची भाषा

‘टिक् टिक् टिक्’ असा कोरडा, वेगाबरोबर जलद होणारा आवाज बहुधा टायरच्या नक्षीत अडकलेल्या खड्याचा असतो. खडा निघाला की आवाज संपला. पण तेथे खड्याऐवजी खिळा किंवा स्क्रू दिसला, तर तो रस्त्यातच उपटू नये. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला खिळाच पुष्कळदा हवा धरून ठेवतो. हवेचा दाब तपासून, सावकाश जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जावे आणि तेथेच तो काढवावा.

गाडी पुष्कळ दिवस एकाच जागी उभी असेल, तर सकाळी निघताना ‘धप् धप्’ असा आवाज येतो. भाराने टायर एका जागी किंचित चपटे झालेले असते. काही किलोमीटर गेल्यावर टायर तापून पुन्हा गोल होते आणि आवाज थांबतो. थांबला नाही, उलट वाढत गेला आणि कमी वेगातही स्टिअरिंग डोलू लागले, तर मात्र गाडी थांबवावी. टायरच्या आतील पट्टे सुटू लागले असण्याची ती खूण आहे. गाडी उभी असताना टायरचा पृष्ठभाग आणि कडा नजरेने व हाताने तपासाव्यात. कोठेही फुगवटा आढळला, तर त्या टायरवर पुढचा प्रवास करू नये. फुगवट्याला दुरुस्ती नाही. टायर बदलणे हाच एक उपाय.

‘घूंऽऽ’ असा वेगाबरोबर चढत जाणारा सूर असेल आणि टायरवरून तळहात फिरविल्यावर एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर टायर असमान झिजले आहे. चाकांची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, बिघडल्याचे हे लक्षण. पृष्ठभागावर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा चाकांचे संतुलन तपासावे. अशा वेळी नुसते टायर बदलून भागत नाही. मूळ कारण राहिले तर नवे टायरही तसेच झिजते.

हवा कमी असली तरी टायर बोलते. साध्या वळणावरही ‘चीं’ असा आवाज येऊ लागतो. हवेचा योग्य दाब गाडीच्या दारालगतच्या खांबावरील पट्टीवर छापलेला असतो. टायर थंड असताना तो तपासावा आणि महिन्यातून एकदा तरी तपासावा.

येथेच दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. टायरच्या नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीवर आली, की खोली १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर बदलण्याची वेळ झालेली असते. दुसरी खूण टायरच्या कडेवरील चार अंकांची. ‘२३१९’ असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले, असे समजावे. जुनी गाडी घेताना विक्रेत्याच्या शब्दाबरोबरच हे चार अंकही वाचावेत.

बेअरिंगची घरघर

टायरचा सूर आणि बेअरिंगची घरघर यांत अनुभवी माणसेही फसतात. रस्ता बदलला तरी न बदलणारी, जात्याच्या घरघरीसारखी धून असेल, तर वळणाची कसोटी लावावी. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर जातो. डाव्या वळणावर घरघर वाढली, तर बहुधा उजव्या बाजूचे बेअरिंग सदोष असते; उजव्या वळणावर वाढली, तर डाव्या बाजूचे. तरीही शंका उरल्यास पुढील-मागील चाकांची अदलाबदल करून घ्यावी. आवाज चाकाबरोबर जागा बदलून गेला तर दोष टायरचा. जागेवरच राहिला तर बेअरिंगचा.

गॅरेजमध्ये गाडी उचललेली असताना चाक वर-खाली धरून हलविले, तर झिजलेल्या बेअरिंगची ढिलाई कित्येकदा हाताला जाणवते. बहुतेक नव्या मोटारींत बेअरिंग बंदिस्त असते. त्यात वंगण भरता येत नाही, ते बदलावेच लागते. घरघर सुरू झाल्यावर काही दिवस गाडी चालते, हे खरे. पण बेअरिंग फारच झिजले तर ते तापते, चाक डळमळते आणि ते जाम होण्याचाही धोका असतो.

ब्रेक, वळण आणि गतिरोधक

पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-चार वेळा खरखरतात. डिस्कवर चढलेला पातळ गंज पुसला गेला की आवाज जातो. त्यात काळजीचे कारण नाही. परंतु दिवसभर येणारी धारदार ‘कीं’ दुर्लक्षू नये. कित्येक ब्रेक पॅडना धातूची एक लहान पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. गाडी बनविणाऱ्यानेच ठेवलेली ही सूचनेची घंटा आहे. ती न ऐकता गाडी चालविली, तर पुढे ‘खर्रर्र’ असा धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो. तोवर पॅडबरोबर डिस्कही खराब होऊ लागलेली असते, खर्च वाढलेला असतो आणि मुख्य म्हणजे गाडी थांबण्यास अधिक अंतर लागत असते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना ‘कट् कट् कट्’ असे वाजले, तर पुढील चाकांना फिरविणाऱ्या दांड्याच्या सांध्याकडे पाहावे. या सांध्यावर रबरी आवरण असते. ते फाटले की वंगण बाहेर उडते, आत धूळ जाते आणि सांधा झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूला वंगणाचे काळे शिंतोडे दिसले, की आवाज येण्याआधीच आवरण बदलून घ्यावे. आवरणाचा खर्च सांध्याच्या मानाने थोडा असतो.

गतिरोधकावरून जाताना किंवा खड्ड्यात ‘खट्’ असा एकच ठोका ऐकू आला, तर तो सस्पेन्शनचा : रबरी बुश, लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट. यांतील बॉल जॉइंटची ढिलाई गंभीर असते. तो सुटला तर चाकावरचा ताबाच जातो.

नट : माझा धडा

राहिला माझ्या वाट्याला आलेला आवाज. चाक बदलल्यानंतर अथवा गॅरेजमधून गाडी आल्यानंतर ‘टक् टक्’ सुरू झाली, तर दुसरे काहीही तपासण्याआधी नट तपासावेत. कधीकधी चाकावरील प्लॅस्टिकचे झाकण सैल होऊनही असाच आवाज येतो. पण झाकण असेल असे गृहीत धरून पुढे जाऊ नये. उतरून पाहावे.

चाक बदलताना गाडी सपाट, टणक जमिनीवर असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, चाकांना दगडाची उटी लावलेली असावी आणि सर्व मंडळी खाली उतरून रस्त्यापासून दूर उभी असावीत. नट समोरासमोरचे, एकाआड एक असे आवळावेत. म्हणजे चाक सरळ बसते. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर सर्व नट त्याच क्रमाने पुन्हा घट्ट करावेत. पान्यावर उभे राहून जोर देऊ नये. अति आवळल्याने बोल्ट ताणले जातात. नट किती आवळावेत याचे माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि चांगल्या गॅरेजमध्ये ते मोजून आवळण्याचा पाना असतो. त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट एकदा पुन्हा तपासावेत. सैल नटांनी गाडी बरीच चालली असेल, तर बोल्ट आणि रिमची भोके जाणत्या माणसाला दाखवावीत.

थांबावे केव्हा?

प्रत्येक आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. खडा, सकाळचा गंज, चपटे झालेले टायर या किरकोळ बाबी आहेत. टायरचा सूर, बेअरिंगची सुरुवातीची घरघर, पॅडची ‘कीं’ आणि वळणावरची ‘कट् कट्’ यांसाठी त्याच आठवड्यात गॅरेज गाठावे आणि तोवर लांबचा प्रवास टाळावा. परंतु वाढत जाणारा ठोका, स्टिअरिंगचे डोलणे, धातूवर धातू घासणे, जळका वास किंवा ब्रेकच्या ताकदीत फरक, यांतील काहीही जाणवले तर वेग हळूहळू कमी करून गाडी बाजूला घ्यावी आणि मदत बोलवावी. ठरलेल्या ठिकाणी उशिरा पोहोचल्याबद्दल कोणी आपल्याला दोष देत नाही.

मिस्त्रीकडे गेल्यावर निदान सांगू नये, लक्षण सांगावे. ‘बेअरिंग बदला’ असे सांगितले, तर बेअरिंग बदलले जाईल आणि आवाज कदाचित तसाच राहील. ‘ताशी ४० च्या पुढे येतो, डाव्या वळणावर वाढतो, रस्ता बदलला तरी बदलत नाही’ असे सांगितले, तर तो नेमके ठिकाण शोधील. शक्य असल्यास त्याला शेजारी बसवून एक फेरी मारावी.

विम्याबाबतही एक गोष्ट ध्यानात असावी. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही. झिजलेले बेअरिंग किंवा टायर हा आपलाच खर्च असतो, आणि तो जितका लवकर केला तितका कमी.

बँकेत काम करताना एक गोष्ट मी नेहमी पाहिली. कोणतेही कर्जखाते एका रात्रीत बुडीत होत नाही. आधी एखादा हप्ता चार दिवस उशिरा येतो, मग पंधरा दिवस, मग फोन उचलला जात नाही. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक ठरते. पण त्याआधीच ते बोलू लागलेले असते. वेळीच ऐकणारा अधिकारी ग्राहकाला भेटतो, त्याची अडचण समजून घेतो आणि पुष्कळदा खातेही वाचते, ग्राहकही सावरतो. गाडीचेही तसेच आहे.

आजही प्रवासाला निघताना पहिली पाच मिनिटे मी गाडीत गाणी लावीत नाही. मुले आता मोठी झाली आहेत. ती स्वतः गाडी चालवितात. परवा मुलाच्या गाडीत बसलो. त्याने इंजिन चालू केले आणि हात गाण्यांकडे गेला, तो मध्येच थांबला. पहिल्या चौकापर्यंत आम्ही दोघेही काही न बोलता चाकांची सळसळ ऐकत होतो.